भोसल्यांची वंशावळ आणि आमचा शजरा

आमच्या घरात एक शजरा होता. अब्बांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली, हिरव्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. वरच्या टोकाला मक्केतले कुरेश कुळ, मग बगदाद, मग विजापूर आणि अगदी तळाशी, वेगळ्या शाईत, गुंजण मावळातले आमचे गाव. विजापूर आणि आमचे गाव यांच्यामध्ये तीनशे वर्षे होती आणि त्यात नावे होती फक्त चार. लहानपणी हे गणित माझ्या ध्यानात आले नाही. पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागलो तेव्हा ते खटकू लागले.

अब्बा गावचे मुलाणी. जत्रेत बोकड हलाल करण्याचा मान आमचा, मशिदीत दिवा लावण्याचे काम आमचे आणि सुगीत खळ्यावरचे बलुतेही आमचे. कुरेशांच्या वंशजाला मावळात येऊन मुलाणकी का करावी लागली, असे मी एकदा धीर करून विचारले. अब्बा चिडले नाहीत. म्हणाले, ''कागद खोटा आसंल बाबा. पन ज्यानं लिहून घेतला त्याची नड खरी व्हती.''

भोसले घराण्याच्या शिसोदिया मूळपुरुषाविषयी वाचताना मला दर वेळी अब्बांचे हे वाक्य आठवते. आमच्या ओट्यावरून राजगडाचा बालेकिल्ला दिसतो. मुरुंबदेवाचा डोंगर बांधून काढून शिवाजी महाराजांनी तिथे राजधानी केली आणि सुमारे पंचवीस वर्षे ती तिथेच होती. सईबाईंचे निधन १६५९ साली याच गडावर झाले, राजारामाचा जन्म १६७० साली इथलाच. पुढे राजधानी रायगडावर गेली आणि राज्याभिषेक तिकडे झाला. पण ज्या बळावर तो झाला ते बळ भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतच जमले होते. म्हणून राजस्थानातल्या एका कुळाची गोष्ट मी मावळातल्या ओट्यावर बसून सांगतो आहे, याचे वाचकांनी नवल मानू नये.

मेवाडचे गुहिल हे जुने राजकुल. बाप्पा रावळ हा त्यांचा प्रख्यात पूर्वज. या कुळाच्या दोन शाखा झाल्या. चितोडच्या गादीवरची रावळ शाखा आणि सिसोदा नावाच्या गावी राहणारी राणा शाखा. गावावरून सिसोदिया हे नाव पडले. आपल्याकडे त्याचेच शिसोदिया, शिसोदे झाले. १३०३ साली अलाउद्दीन खिलजीने चितोड जिंकले आणि रावळ शाखा संपली. सिसोद्याचा राणा लक्ष्मणसिंह मुलांसह या युद्धात पडला असे परंपरा सांगते. पद्मिनीची कथा सर्वांना ठाऊक असते, पण ती ज्या 'पद्मावत' काव्यामुळे घरोघरी पोहोचली ते मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीने १५४० साली, म्हणजे चितोडच्या पाडावानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी लिहायला घेतले, हे फारसे कोणी सांगत नाही. असो. लक्ष्मणसिंहाचा एक मुलगा अजयसिंह वाचला. त्याने आपल्या मुलांना बाजूला ठेवून पुतण्या हम्मीर याला वारस केले आणि हम्मीरने पुढे चितोड परत मिळवले. मेवाडचे पुढचे सगळे राणे, कुंभा, सांगा, प्रताप, हे या हम्मीरच्या वंशातले.

वारसा हुकलेल्या मुलांचे काय झाले? भोसल्यांची गोष्ट इथे सुरू होते. अजयसिंहाचा मुलगा सज्जनसिंह दक्षिणेत उतरला, अशी ही कथा आहे. त्याचा मुलगा दिलीपसिंह याने १३४७ साली स्थापन झालेल्या बहमनी राज्याची चाकरी धरली आणि १३५२ साली हसन गंगू बहमनीने त्याला दौलताबादेकडे दहा गावे इनाम दिली. पुढच्या एका पिढीत भोसाजी नावाचा पुरुष झाला, त्यावरून भोसले. आणखी काही पिढ्यांनी घराणे फुटले. थोरल्या पातीतला कर्णसिंह महमूद गवानाच्या काळात खेळणा किल्ल्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, मोहिमेत कामी आला. त्याच्या मुलाने घोरपडीच्या साहाय्याने कडा चढून दाखवला आणि १४७१ साली बहमनी सुलतानाने त्याला 'राजा घोरपडे बहादूर' हा किताब दिला. हे मुधोळचे घोरपडे झाले. धाकटी पाती वेरूळकडची, मालोजी-शहाजींची.

हे सगळे कशावरून सांगायचे? मुधोळ संस्थानच्या दप्तरात फारसी फर्माने होती. दत्तोपंत आपटे यांनी ती वाचून १९३४ साली मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. काही मोठ्या इतिहासकारांनी ही फर्माने अस्सल मानली. काहींनी त्यांतली भाषा, तारखा आणि वंशक्रम पाहून ती मागाहून तयार केली असावीत असा संशय घेतला. तो वाद मिटलेला नाही, आणि मिटवण्याइतकी माझी फारसीही नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. भोसले चितोडचे क्षत्रिय आहेत याचा सर्वांत जुना म्हणून पुढे केलेला कागद बहमनी सुलतानाच्या नावाचा आहे. एखाद्या हिंदू घराण्याला आपले क्षत्रियत्व सिद्ध करायचे असेल तर दक्षिणेत मुसलमान बादशहाचे फर्मान सर्वांत वजनदार ठरत होते. फर्माने खरी असोत वा बनावट, हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी तसाच राहतो. खोटा शिक्का मारणाराही चालणाऱ्या नाण्याचाच मारतो.

याच्या अगदी उलट मत रा. चिं. ढेरे यांचे. 'शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव' या २००१ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी भोसल्यांचा संबंध चितोडशी न लावता कर्नाटकातल्या होयसळांशी लावला. कर्नाटकातल्या सोरटूरहून निघून शिंगणापूरच्या परिसरात आलेल्या गवळी-राजकुळाचे हे वंशज, असे त्यांचे म्हणणे. शंभुमहादेव हे भोसल्यांचे कुलदैवत का, याचे उत्तर राजस्थानात सापडत नाही; ढेऱ्यांच्या मांडणीत ते सापडते. दैवत, जत्रा, काठी-कावड यांच्या मागाने घराण्याचा माग काढायची ढेऱ्यांची रीत मला फर्मानांपेक्षा भरवशाची वाटते, कारण कागद सोयीप्रमाणे लिहून घेता येतो, कुलदैवत तसे बदलता येत नाही.

शिसोदिया वंश राज्याभिषेकासाठी १६७४ साली गागाभट्टाने रचून दिला, असे अनेकदा बोलले जाते. ते मात्र बरोबर नाही. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारात जयराम पिंड्ये याने लिहिलेल्या 'राधामाधवविलासचंपू'त हा दावा आहे, आणि तो ग्रंथ राज्याभिषेकाच्या पुष्कळ आधीचा. आदिलशहाला लिहिलेल्या एका पत्रात शहाजीराजे स्वतःला राजपूत म्हणवतात. चाकरी करू, पण अपमान सोसणार नाही, असा त्याचा सूर आहे. तेव्हा ही परंपरा घरात होती. ती किती जुनी, हा प्रश्न वेगळा.

त्याच घरात दुसरी परंपराही होती. मालोजीराजांना मूल होत नव्हते, तेव्हा अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. चितोडचे रक्त सांगणारे घराणे मुलांना पिराचे नाव देते, यात त्या काळच्या माणसाला विसंगती दिसली नाही. आपल्यालाच ती दिसते.

'राजपूत' या शब्दाचाही थोडा विचार व्हावा. डर्क कोल्फ या डच इतिहासकाराने १९९० सालच्या ग्रंथात दाखवले आहे की तो शब्द पुष्कळ काळ जन्मजातीपेक्षा शिपाईगिरीच्या प्रतिष्ठेचा होता. घोडा, तलवार आणि धन्याची चाकरी यांवर ती कमावता येई. महाराष्ट्रात तर हे घरोघर झाले. फलटणचे निंबाळकर परमार, जावळीचे मोरे मौर्य, जाधव हे देवगिरीचे यादव, चव्हाण चौहान. वतन मिळाले की वंश हवा, आणि वंश दुरूनच यायचा.

आणि आपण मुसलमानांनी यावर हसू नये. विजापूरचा पहिला यूसुफ आदिलखान हा ऑटोमन सुलतानाचा राजपुत्र, आईने लपवून वाचवलेला, अशी कथा फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. हसन गंगूने बहमन हे नाव घेतले ते इराणच्या पुराणातल्या राजावरून. त्याच हसनाला फरिश्ता एका ब्राह्मणाच्या शेतावरचा नोकर करून ठेवतो. म्हणजे इराणच्या राजाचा म्हणवणारा बहमनी, चितोडच्या राण्याच्या म्हणवणाऱ्या सरदाराला जहागीर देतो. पुढे तुर्कस्तानच्या राजपुत्राचे म्हणवणारे आदिलशहा त्या सरदाराच्या वंशजांना मनसब देतात. सगळा दरबार परगावचा, आणि पिकवणारा तेवढा इथला! आमच्या शेख-सय्यदांच्या शजऱ्यांतून तरी निराळे काय असते?

या वंशांचा मावळातल्या माणसाला काय उपयोग झाला, ते पाहण्यासारखे आहे. त्यासाठी भोर तालुक्यातल्या कारी गावी जावे लागेल. तिथे जेध्यांचा वाडा आहे. कान्होजी जेधे रोहिड खोऱ्याचे देशमुख, शहाजीराजांबरोबर कैद सोसलेले. अफजलखान निघाला तेव्हा, १६५९ च्या जूनमध्ये, विजापूरहून त्यांना फारसी फर्मान आले: खानाला सामील व्हा. बाजूचेच खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी ते फर्मान घेऊन, पाच मुलांसह शिवाजी महाराजांपुढे उभे राहिले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. का? धनी क्षत्रिय आहे, शिसोदिया आहे, असे काही कारण जेध्यांच्या कागदांत येत नाही. शहाजीराजांना दिलेला शब्द येतो. एकाच खोऱ्यातले दोन देशमुख, दोघेही मराठे, आणि एक इकडे, एक तिकडे.

मग १६६५ साल उजाडले. मिर्झाराजे जयसिंहाने पुरंदरला वेढा घातला आणि एप्रिलच्या अखेरीस सहासात हजारांची फौज आमच्या खोऱ्यांत सोडली. किल्ले घेण्यापेक्षा मुलूख जाळायचा, रयत हवालदिल करायची, एवढेच काम. फौज रोहिड्याजवळ आली आणि सुमारे पन्नास गावे बेचिराख झाली. डोंगरांच्या आड दडलेली, तोवर कधी शत्रूच न पाहिलेली चार भरवस्तीची गावेही सापडली. तीही जाळली, गुरे आणि माणसे धरून नेली. तिथून फौज राजगडाखाली आली, वाटेतली गावे पेटवीत. मग गुंजणखोऱ्याच्या घाटाशी तळ. पुढे शिवापूर आणि कोंढाण्याखालचा मुलूख.

फौजेचा म्होरक्या दाऊदखान कुरेशी. म्हणजे आमच्या शजऱ्याप्रमाणे आमचा भाऊबंद. आणि त्याच्या बरोबरीला मोठा सरदार कोण? राजा रायसिंह सिसोदिया. म्हणजे चंपूप्रमाणे भोसल्यांचा भाऊबंद.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ओट्यावर येऊन बसलो होतो. समोर गड होता. कुरेशी आणि सिसोदिया दोघे जोडीने आले आणि त्यांनी आमचे खोरे जाळले. त्या आगीत ज्या झोपड्या गेल्या त्यांत मुलाण्याची एखादी असेलच. कुरेशी म्हणून तिला कोणी वगळले नसेल. धर्माचा हिशेब मांडणाऱ्यांना ही फौज अडचणीची वाटते, म्हणून ते ती मुघलांची म्हणून सोडून देतात किंवा राजपुतांची म्हणून. ती दोघांचीही होती. आपल्या सभांमधून शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या मुसलमानांची यादी वाचण्याची एक प्रथा पडली आहे: नूरबेग, सिद्दी हिलाल, सिद्दी इब्राहीम. नावे खरी आहेत. पण चारित्र्याचा दाखला काढावा तशी ती वाचली जातात, आणि मला ते ऐकताना अवघडल्यासारखे होते. जळालेल्या गावांची यादी कोणी वाचत नाही.

जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. भोरचा रोहिडा गेला. वेल्ह्याचे राजगड आणि तोरणा राहिले. पुढच्या वर्षी आग्र्याच्या दरबारात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. त्या काळात आंबेरच्या कारभाऱ्यांनी घरी लिहिलेली राजस्थानी पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत शिवाजी महाराजांच्या बोलण्याची आणि बाण्याची तारीफ आहे. हा माणूस अस्सल राजपुताला शोभेल असे बोलतो, असा भाव आहे. या कारभाऱ्यांनी वंशावळ मागितली नाही. एका माणसाला बादशहाच्या घरात ताठ उभा राहिलेला त्यांनी पाहिला आणि तो राजपूत ठरला. कोल्फचा सिद्धांत समजायला याहून चांगले उदाहरण मला मिळाले नाही.

राज्याभिषेकाच्या वेळी मात्र असे चालणार नव्हते. तिथे कागद लागला. महाराज क्षत्रियच नाहीत, त्यांना वेदोक्त संस्कारांचा अधिकार नाही, असे म्हणणारे होते. काशीचे गागाभट्ट आले, वंशाचा शोध झाला, हे घराणे उत्तरेकडून आलेले शुद्ध शिसोदे असल्याचे ठरले, असे सभासद सांगतो. आधी मुंज करावी लागली, राजे चव्वेचाळीस वर्षांचे असताना. मग ६ जून १६७४ ला अभिषेक. तोवर त्यांनी अफजलखान, शाहिस्तेखान, आग्रा, सुरत सारे पार केले होते. जमीन मोजून सारा ठरवला जात होता, आरमार उभे होते. एवढे करूनही राजाला राजा व्हायला शेकडो कोसांवरचे एक गाव लागले. दोष त्यांचा नव्हता. नड होती, आणि ती ज्यांनी निर्माण केली ते वाड्यातच बसले होते.

मुधोळच्या त्या भाऊबंदांचे काय झाले? शहाजीराजांना १६४८ साली जिंजीजवळ कैद करणाऱ्यांत बाजी घोरपडे होते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन त्यांना मारले. एका मूळपुरुषाच्या दोन पात्यांनी एकमेकांशी हे केले. आणि मग १६७७ साली, अभिषेकाला तीनच वर्षे झाली असताना, महाराज भागानगरला कुतुबशहाच्या भेटीस गेले. तिथून त्यांनी बाजींच्या मुलाला, मालोजी घोरपड्यांना, पत्र लिहिले. मागचे वैर विसरा म्हणून. विजापूरची सत्ता बहलोलखान पठाणाच्या हाती गेली आहे, मुघल टपून बसले आहेत, तेव्हा आपण दक्षिणी माणसांनी एक होऊन दक्षिणेची पातशाही दक्षिण्यांच्याच हाती ठेवावी, असा त्या पत्राचा आशय आहे. आणि या 'दक्षिणी'त गोवळकोंड्याचा कुतुबशहा गृहीत धरलेला आहे.

चितोडचे रक्त एक, असे सांगायला याहून योग्य जागा आणि योग्य माणूस कोणता होता? पण आवाहनाचा जोर दिला आहे तो दक्षिणेवर. अभिषेकाच्या होमापुढे शिसोदिया आणि राजकारणाच्या पत्रात दक्षिणी. यांतले दुसरे नाव मला अधिक जवळचे वाटते, कारण त्यात आमच्यासारख्यालाही जागा आहे.

घराण्याने पुढे दीर्घकाळ राज्य केले. सातारा १८४८ पर्यंत, तंजावर १८५५ पर्यंत, कोल्हापूर १९४९ पर्यंत. तंजावरला सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा सारा वंशेतिहास मराठीत कोरला गेला. तरीही, कागद झाला, दगड झाला, आणि विसावे शतक उजाडताना कोल्हापुरात शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला त्यांच्याच पुरोहिताने नकार दिला. गागाभट्टाचा निवाडा सव्वादोनशे वर्षे झाल्यावरही पुरला नाही.

आमच्या भागात नावेच बदलत आली. १७०४ साली औरंगजेबाने राजगड घेतला आणि त्याला नबीशाहगड म्हटले, तोरण्याला फुतूहुल्गैब. महाराजांनीही तोरण्याला प्रचंडगड म्हटले होते. वेल्ह्याच्या बाजारात आजही माणूस तोरणाच म्हणतो. २०२४ साली वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यात राजगड आला. आनंदच आहे. गडावर आता गर्दीही फार असते. मागच्या वर्षी पद्मावती माचीवर एका तरुणाने माझी टोपी पाहून अदबीने विचारले, ''चाचा, तुम्ही मूळचे कुठले?'' मी खाली बोट दाखवले. त्याला वाटले मी पुण्याकडे दाखवतो आहे. म्हणाला, ''नाही, त्याच्या आधीचे?''

परवा रोहिड्यावर गेलो होतो. गुडघे दुखतात, पण तिसऱ्या दरवाजापर्यंत जायचेच होते. तिथे एक लेख मराठीत आहे आणि एक फारसीत. मुहम्मद आदिलशहाच्या अमदानीत, १६५६ साली, गडाची दुरुस्ती झाल्याचे ते लेख. घरी आलो, ट्रंक उघडली आणि शजरा काढला. तळाच्या नावानंतरची तीन नावे कोणी लिहिलीच नव्हती. आजोबांचे, अब्बांचे आणि माझे. ती मी लिहिली, मराठीत. प्रत्येक नावापुढे गावाचे नाव आणि त्यापुढे 'मुलाणी'.